सांभाळायला दिलेले पक्षी

इंग्लंडमधल्या यॉर्कशायर परगण्यात १९७० च्या दशकात रॉजर मगफर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्याने एक छोटा प्रयोग केला. एकट्या राहणाऱ्या, पंचाहत्तरी ओलांडलेल्या तीसेक पेन्शनरांपैकी काहींना त्यांनी एकेक बजरीगर पक्षी दिला, काहींना बेगोनियाची कुंडी दिली आणि काहींना काहीच दिलं नाही. कोणाच्या घरी टीव्ही आहे आणि कोणाच्या नाही, याचीही नोंद ठेवली. काही महिन्यांनी पुन्हा भेटून विचारपूस केली तेव्हा पक्षी सांभाळणाऱ्यांची मनःस्थिती सुधारलेली दिसली. माणसांकडे आणि स्वतःकडे पाहण्याची त्यांची नजर बदलली होती. कुंडीला ते तितकंसं साधलं नव्हतं. टीव्ही असण्या-नसण्याने काहीच फरक पडला नव्हता.

१९७५ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासातली मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट आकड्यांत बसणारी नाही. या घरांतल्या गप्पांचा विषय बदलला. पूर्वी कोणी भेटायला आलं की दुखणी आणि गेलेले दिवस एवढंच बोलणं व्हायचं. आता पक्ष्याबद्दल बोलणं सुरू झालं. आज त्याने काय खाल्लं, काय खोडी केली, कोणता नवा आवाज काढला. पक्षी बोलायला आला म्हणून एकटेपण कमी झालं असं नाही. पक्ष्यामुळे माणसांना एकमेकांशी बोलायला ताजं काहीतरी मिळालं.

तीस माणसांवरून मोठे निष्कर्ष काढू नयेत हे खरंच. पण पुढेही असे प्रयोग झाले. इटलीतल्या सात वृद्धाश्रमांत १४४ जणांवर झालेला एक अभ्यास २००६ साली प्रसिद्ध झाला. तिथे काहींना कॅनरी पक्षी, काहींना रोप आणि काहींना काहीच नाही, अशी विभागणी होती. तीन महिन्यांनी कॅनरीवाल्यांमध्ये औदासीन्याची लक्षणं कमी झालेली आढळली. त्याआधी, १९९६ साली अमेरिकेत पुनर्वसन कक्षातल्या चाळीस वृद्धांपैकी काहींच्या खोलीत दहा दिवस बजरीगरचा पिंजरा ठेवून पाहिला होता. तिथे औदासीन्य घटलं, पण एकटेपणाच्या मोजपट्टीवर फरक पडला नाही.

हा शेवटचा निकाल मला फार शिकवून जाणारा वाटतो. दहा दिवसांनी परत जाणार असलेला पक्षी हा पाहुणा असतो. तो मन रमवतो, पण त्याचं काही आपल्यावर अवलंबून राहत नाही. एकटेपणाचा मोठा भाग सोबत नसण्याचा असतो, तसाच आपली कोणाला गरज उरली नाही याचाही असतो. घराबाहेर पडता न येणाऱ्या माणसाला जेवण आणून देणारे, गोळ्या देणारे, उशी सरळ करणारे हात मिळतात. त्याच्या हातून मात्र कोणाला काही मिळत नाही.

या बाबतीत सर्वांत धाडसी प्रयोग केला तो बिल थॉमस या तरुण डॉक्टरने. १९९१ साली न्यूयॉर्क राज्यातल्या न्यू बर्लिन या लहान गावात, चेस मेमोरियल नावाच्या शुश्रूषागृहात तो वैद्यकीय संचालक म्हणून रुजू झाला. तिथे ऐंशीच्या आसपास वृद्ध होते, बहुतेक अपंगत्व आलेले किंवा स्मृती हरवत चाललेले. थॉमसने तिथल्या तीन व्याधी हेरल्या: कंटाळा, एकटेपण आणि असहायता. त्यावर त्याने सुचवलेला उपाय ऐकून व्यवस्थापन चक्रावलं. त्याला तिथे एकाच वेळी दोन कुत्रे, चार मांजरं आणि शंभर पक्षी आणायचे होते. पक्षी आले त्या दिवशी पिंजरे पोचलेच नव्हते, म्हणून सगळे पक्षी तिथल्या केशकर्तनाच्या खोलीत मोकळे सोडावे लागले. पिंजरे आले तेही सुटे भाग म्हणून. कर्मचारी उडणाऱ्या पक्ष्यांमागे धावत पिंजरे जोडत होते आणि म्हातारी माणसं काचेबाहेर उभी राहून पोट धरून हसत होती.

ही हकिगत अतुल गवांदे यांच्या ‘बीइंग मॉर्टल’ या २०१४ सालच्या पुस्तकात आली आहे. पत्नीच्या मृत्यूनंतर खाणंपिणं सोडलेल्या आणि जगण्यावरची वासनाच उडालेल्या एका वृद्धाची गोष्ट त्यात आहे. त्याच्या खोलीत पक्ष्यांची एक जोडी ठेवली. सुरुवातीला त्याने ढुंकूनही पाहिलं नाही. मग पक्षी दिसतील अशा बेताने तो पलंगावर कूस बदलून बसू लागला. मग कर्मचाऱ्यांना सांगू लागला की त्यांना हे आवडतं, ते आवडत नाही. पुढे तो कपडे बदलून खोलीबाहेर आला, कुत्र्याला फिरवू लागला आणि तीन महिन्यांत आपल्या घरी परतला.

दोन वर्षं शेजारच्या एका शुश्रूषागृहाशी तुलना केली गेली. चेसमध्ये दरडोई लागणाऱ्या औषधांचं प्रमाण त्या संस्थेच्या निम्म्यावर आलं, औषधांचा खर्च तुलनेतल्या संस्थेच्या ३८ टक्के राहिला आणि मृत्यूंमध्ये १५ टक्के घट झाली. याचं सगळं श्रेय पक्ष्यांना देता येणार नाही. थॉमसने त्याच काळात बाग केली, खोल्याखोल्यांत झाडं ठेवली, शाळा सुटल्यावर मुलांना तिथे यायला वाव दिला. पण त्या सगळ्यांत सूत्र एकच होतं. ज्यांची काळजी घेतली जात होती, त्यांना काळजी घेण्यासाठी काहीतरी दिलं गेलं.

गवांदे मूळचे आपल्याकडचे. त्यांचे वडील आत्माराम गवांदे यवतमाळ जिल्ह्यातल्या उटी गावचे. त्याच पुस्तकात अतुल यांनी आजोबा सीताराम यांच्याविषयी लिहिलं आहे. शंभरी उलटल्यावरही हे आजोबा रोज रात्री घोड्यावर बसून शेताची फेरी मारत. घरचे त्यांना घोड्यावर बसवत, पण फेरी मारू नका असं म्हणत नसत. त्यांच्या आयुष्यात एकटेपणा नव्हता, कारण भोवती गोतावळा होता, आणि तितकंच मोठं कारण म्हणजे त्यांनी लक्ष ठेवावं अशी शेतं होती. उटीच्या शेताची फेरी आणि न्यू बर्लिनच्या पिंजऱ्यात सकाळी घातलेलं दाणापाणी यांचा मला सरळ संबंध दिसतो.

मग इतर प्राण्यांपेक्षा पक्षीच का? कुत्र्याला फिरवायला न्यावं लागतं, ओढ बसते, तोल जातो. मांजर पायात येतं. बजरीगरचं वजन तीस-चाळीस ग्रॅम, कॉकाटीलचं शंभरच्या आतबाहेर. खुर्चीत किंवा पलंगावर असलेल्या माणसाच्या नजरेच्या उंचीवर त्यांचं सगळं जग मांडता येतं. शिवाय पोपटवर्गातले पक्षी थव्याने राहणारे. सोबती नजरेआड गेला की ते साद घालतात आणि उत्तराची वाट पाहतात. माणसाशी जमलेला पक्षी माणसालाही तीच साद घालतो. आपण स्वयंपाकघरात गेलो की हाक येते, ‘आहे रे’ म्हटलं की पक्षी शांत होतो. ज्या घरात दिवसभरात कोणी हाक मारत नाही, तिथे याचं मोल काय हे सांगायला अभ्यास लागत नाही. फ्लॉरेन्स नाइटिंगेलनेही आपल्या शुश्रूषेवरच्या पुस्तकात वर्षानुवर्षं एका खोलीत अडकलेल्या रुग्णासाठी पिंजऱ्यातल्या पक्ष्याचा आवर्जून उल्लेख केला आहे. तिने स्वतः अथेन्समध्ये, पार्थेनॉनपाशी, मुलांच्या तावडीतून घुबडाचं एक पिल्लू सोडवून वाढवलं होतं. क्रिमियाच्या युद्धानंतर तिचं पुढचं आयुष्य बरंचसं आजारपणात आणि घरातच गेलं.

इथवर सांगितलेल्या प्रयोगांतले पक्षी माणसांसाठी मुद्दाम आणलेले होते. पण जगात असे हजारो पाळीव पक्षी आहेत ज्यांना आधीच कोणीतरी आणून टाकलं आहे. १९८० च्या दशकात अमेरिकेत दरवर्षी लाखो पक्षी जंगलांतून पकडून आणले जात. १९९२ च्या कायद्याने ती आयात बहुतांशी थांबली, पण घरोघरी पोचलेले पोपट आणि त्यांची पैदास शिल्लकच होती. मोठे पोपट दीर्घायुषी असतात. आफ्रिकन ग्रे चाळीस-पन्नास वर्षं सहज जगतो. शिकागोजवळच्या ब्रुकफील्ड प्राणिसंग्रहालयातला कुकी नावाचा काकाकुवा २०१६ साली वारला तेव्हा ८३ वर्षांचा होता. हौसेने घेतलेला पक्षी घटस्फोट, बदली, नवं बाळ, मालकाचं निधन अशा कशाने ना कशाने बेघर होतो. तो किंचाळतो, चावतो, स्वतःची पिसं उपटतो, आणि मग कोणालाच नको होतो.

एकटेपण त्याच्या शरीरातही उतरतं. व्हिएन्नातल्या संशोधकांनी २०१४ साली ग्रे पोपटांच्या रक्तपेशींतले टेलोमिअर, म्हणजे गुणसूत्रांच्या टोकांवरचे वयोमानानुसार झिजणारे भाग, मोजले. एकट्याने ठेवलेल्या नऊ वर्षांच्या पोपटाचे टेलोमिअर जोडीने राहणाऱ्या, सरासरी तेवीस वर्षांनी मोठ्या पक्ष्यांइतके झिजलेले आढळले.

लॉरिन लिंडनर या मानसशास्त्रज्ञ बाईंनी माणसाचं आणि पक्ष्याचं अशी ही दोन दुःखं एकत्र पाहिली. १९८७ च्या नाताळात लॉस एंजेलिसमधल्या एका रिकाम्या बंगल्यात एकटी टाकलेली काकाकुवा त्यांनी घरी आणली. पुढे त्या बेघर झालेल्या माजी सैनिकांबरोबर काम करत होत्या. समूहउपचाराच्या बैठकीत ही माणसं गप्प बसायची. तीच माणसं लिंडनर यांच्या पक्ष्यांच्या आश्रयस्थानी मदतीला आली आणि पोपटांशी बोलू लागली. त्यातून २००५ साली वेस्ट लॉस एंजेलिसच्या माजी सैनिक रुग्णालयाच्या आवारातच ‘सेरेनिटी पार्क’ उभं राहिलं. युद्धाचा धसका घेतलेले सैनिक तिथे पिंजरे बांधतात, झाडलोट करतात, फळं चिरतात. पोपट हा शिकार होणारा प्राणी आहे. तो सतत सावध असतो, मागून आलेल्या हालचालीने दचकतो, आणि विश्वास बसायला त्याला महिने लागतात. रणांगणावरून आलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. पोपटाजवळ जाण्यासाठी आपला श्वास संथ करावा लागतो, आवाज खाली आणावा लागतो. डॉक्टरांनी सांगूनही जे जमत नव्हतं ते पोपटासाठी जमतं.

मात्र सेरेनिटी पार्कमधले पोपट कोणाच्या घरी पाठवले जात नाहीत, माणसं त्यांच्याकडे येतात. मोठ्या पोपटांच्या बाबतीत हाच मार्ग मला योग्य वाटतो. मकाव किंवा काकाकुव्याची चोच बोट फोडू शकते, आवाज भिंतीपलीकडे जातो, आणि ऐंशी वर्षांच्या माणसाला चाळीस वर्षं जगणारा पक्षी देणं म्हणजे त्या पक्ष्याच्या नशिबी पुन्हा बेघरपण लिहून ठेवणं. घरात अडकलेल्या माणसाकडे पाठवायचे ते लहान पक्षी: बजरीगर, कॉकाटील, फिंच, कॅनरी. बजरीगर पाच ते दहा वर्षं जगतो, कॉकाटील पंधरा-वीस. बचावलेल्या पक्ष्यांमध्ये वय झालेलेही असतात. दहा वर्षांचं शांत झालेलं कॉकाटील आणि सत्तरीतली बाई, ही जोडी पिल्लापेक्षा कितीतरी बरी.

आणि शक्यतो पक्षी जोडीने द्यावेत. २०२३ साली एका अभ्यासात घरोघरच्या १८ पोपटांना घंटी वाजवून दुसऱ्या पोपटाला व्हिडिओ कॉल मागायला शिकवलं होतं. ते आवडीचे मित्र निवडून पुन्हा पुन्हा बोलावू लागले. माणसाचं कितीही प्रेम असलं तरी त्यांना आपल्या जातीचं कोणी हवं असतं. जोडीतले पक्षी माणसाला कमी चिकटतात, हे खरं. पण वृद्ध माणूस दुपारी दोन तास झोपला तर त्या वेळात पक्ष्याने एकटं का राहावं?

आता आपल्याकडे काय करता येईल ते पाहू. आधी कायदा. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आपले देशी पोपट, मैना, मुनिया पाळणं आणि विकणं गुन्हा ठरतो. आजीच्या काळात ओटीवर पेरू खाणारा मिठू होता, या आठवणीने तो बदलत नाही, आणि बदलू नये. बाजारात आलेल्या एका पोपटामागे ढोलीतून ओढून काढलेली, वाटेत मेलेली पिल्लं असतात. देशी पोपट सापडला तर वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावं. त्याला पुन्हा उडवण्याचा प्रयत्न करणं हे त्यांचं काम. तो कोणा एकाकी माणसाला सोबत म्हणून देता येत नाही, हेतू कितीही चांगला असला तरी.

परदेशी पक्ष्यांची गोष्ट वेगळी. मुंबईत क्रॉफर्ड मार्केटला आणि गावोगावच्या बाजारांत बजरीगर विकतात, ज्यांना आपण सर्रास लव्हबर्ड म्हणतो. सोबत मडकं देतात. मडकं टांगलं की वर्षभरात दोनाचे दहा होतात, मग घरच्यांना आवरत नाहीत. कोणी खिडकीतून उडतात, तर कोणाला पुण्य म्हणून सोडून दिलं जातं. पिढ्यान्पिढ्या पिंजऱ्यात वाढलेला पिवळा-निळा पक्षी आपल्या शहरात कावळ्या-मांजरांपुढे फार वेळ टिकत नाही. असे पक्षी लोक उचलून प्राणिमित्र संस्थांकडे आणतात, परळच्या बैलघोडा हॉस्पिटलसारख्या दवाखान्यांत पोचवतात. त्यांना घर हवं असतं. यांपैकी बजरीगर आणि कॉकाटील आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या संरक्षित यादीत नाहीत. त्या यादीतल्या मकाव, ग्रे अशा पक्ष्यांची मात्र २०२४ च्या नियमांप्रमाणे ‘परिवेश’ संकेतस्थळावर नोंद करावी लागते.

पक्षी कोणाकडे पाठवायचा यापेक्षा कोणाकडे पाठवायचा नाही हे आधी ठरवावं. दमा किंवा फुप्फुसाचा जुना आजार असलेल्या माणसाकडे नको. पिसांची आणि विष्ठेची धूळ सतत श्वासात गेली तर काहींच्या फुप्फुसाला सूज येते. मुंबईतल्या कबुतरखान्यांच्या वादामुळे हे आता बऱ्याच जणांना ठाऊक झालं आहे. कॉकाटीलच्या अंगावरून तर पावडरीसारखी भुकटी झडते. पोपटवर्गातून माणसाला होणारा सिटॅकोसिस हा ताप प्रतिजैविकांनी बरा होतो, पण म्हाताऱ्या शरीराला तो जड जातो. म्हणून पक्षी आधी महिनाभर वेगळा ठेवून पशुवैद्याकडून तपासलेला हवा. ज्याच्या मनात पक्ष्याची हौस नाही आणि मुलांनीच परस्पर ठरवलं आहे, त्याच्याकडेही नको. आईबाबांना न विचारता आणून ठेवलेला पिंजरा हे त्यांच्यावर लादलेलं आणखी एक काम असतं.

घर पाहायला जावं. पंखा पक्ष्याचा मोठा शत्रू, दुसरी उघडी खिडकी. तिसरा शत्रू कोणाच्या लक्षात येत नाही: फार तापलेल्या नॉनस्टिक तव्याचा धूर. पक्ष्याचं श्वसन इतकं कार्यक्षम असतं की हा धूर त्याला काही मिनिटांत मारतो. उदबत्ती आणि डासांची कॉइलही त्या खोलीत नको. पिंजरा उंच असण्यापेक्षा रुंद हवा, कारण पक्षी आडवा उडतो. नुसत्या राळ्या-बाजरीवर ठेवलेल्या पक्ष्याचं यकृत बिघडतं. कोथिंबीर, पालक, किसलेलं गाजर रोज थोडं द्यावं, चुन्यासाठी समुद्रफेण टांगावा. रात्री दहा-बारा तास अंधार हवा, म्हणजे टीव्हीच्या खोलीत पिंजरा असेल तर रात्री तो दुसरीकडे हलवावा लागेल. मडकं मात्र अजिबात नको.

सर्वांत अवघड भाग यानंतरचा. ज्याला स्वतःची अंघोळ दुसऱ्याच्या हातून घ्यावी लागते त्याने ट्रे कसा धुवायचा? आणि त्याला काही झालं तर? इंग्लंडमध्ये १९८५ साली अ‍ॅव्हरिल जार्विस यांनी सुरू केलेल्या ‘सिनमन ट्रस्ट’ने याचं उत्तर शोधलं आहे. वृद्ध आणि असाध्य आजार झालेल्या माणसांना आपले प्राणी सोडावे लागू नयेत म्हणून तिचे स्वयंसेवक कुत्रा फिरवून आणतात, पक्ष्याचा पिंजरा साफ करतात, मालक रुग्णालयात गेला तर प्राणी आपल्या घरी नेतात, आणि मालक गेल्यावर प्राण्याचं पुढचं घर पाहतात. असा आधार पाठीशी नसेल तर पक्षी देऊच नये, इतकं माझं स्पष्ट मत आहे. पक्षी संस्थेचाच राहावा, माणसाकडे तो सांभाळायला दिलेला असावा, आणि माघारी घेण्याची वेळ आली तर त्यात कोणाचा पराभव मानू नये. तसं लिहून ठेवलं की म्हाताऱ्या माणसाच्या जिवाला लागणारा ‘माझ्यामागे याचं काय’ हा घोर पहिल्या दिवशीच मिटतो.

आपल्याकडे कॉलेजची मुलं, ज्येष्ठ नागरिक संघ आणि पशुवैद्य एकत्र आले तर एका वस्तीत दहा घरांपासून हे सुरू करता येईल. त्यांनी एक नियम जरूर ठेवावा. पक्षी आजार लपवतात. पिसं फुगवून बसेपर्यंत उशीर झालेला असतो, पण वजन आधी घसरतं. म्हणून स्वयंपाकघरातल्या छोट्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर आठवड्यातून एकदा पक्ष्याचं वजन करायचं, आणि ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वेळी स्वयंसेवकाने फोन करून ते विचारून वहीत लिहायचं. तीस ग्रॅमच्या पक्ष्याचे तीन ग्रॅम कमी झाले तर त्याच दिवशी पशुवैद्याकडे न्यायचं. फोन कोणी उचलला नाही, तर तासाभरात शेजाऱ्याने जाऊन दार वाजवायचं.